चित्र बिघडते, की मन?

या सदरात आपण रक्तदाबापासून मुलांच्या परीक्षेच्या भीतीपर्यंत बऱ्याच विषयांवर बोललो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल. चित्रकला, शिल्पकला किंवा डिझाइन शिकणारी मुले जेव्हा घरी बसून मोबाईलच्या नाहीतर संगणकाच्या पडद्यावर शिकतात, तेव्हा त्यांच्या मनाचे काय होते, हा तो विषय. 'हा कसला आरोग्याचा प्रश्न?' असे कुणी म्हणेल. पण गेल्या काही वर्षांत ही मुले माझ्या दवाखान्यात ज्या तक्रारी घेऊन आली, त्या अशा: झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके दुखते, जेवण जात नाही, हातात पेन्सिल धरली की रडू येते. या तक्रारी आरोग्याच्याच आहेत. फक्त त्यांचे मूळ रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी त्या मुलाला 'तुझे चित्र कसे चालले आहे?' असे विचारावे लागते.

कोल्हापूर जिल्ह्याला तरी हा विषय परका वाटू नये. आबालाल रहमान यांनी जलरंगात रंकाळा रंगवला तो याच मातीत. बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली काम करता करता व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल तयार झाले ते इथेच. आजही सकाळी पंचगंगेच्या घाटावर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली मुले दिसतात. शहराला 'कलापूर' म्हणतात ते उगाच नव्हे. घरोघरी एखादा तरी मुलगा एलिमेंटरी, इंटरमिजिएट देऊन पुढे याच वाटेने जावे असे म्हणतो.

आज कॉलेजे नियमित भरत आहेत. पण पडद्यावरचे शिक्षण संपलेले नाही. एनआयडी, निफ्ट, यूसीड अशा प्रवेश परीक्षांची तयारी करणारी गडहिंग्लज, कागल, राधानगरीकडची मुले पुण्या-मुंबईच्या शिकवण्या घरूनच करतात. ॲनिमेशन, ग्राफिक डिझाइन, इंटिरियर यांचे कितीतरी अभ्यासक्रम आता पडद्यावरच चालतात. म्हणून या शिक्षणाची मनाला बसणारी झळ समजून घेणे गरजेचे आहे.

वर्ग आणि स्टुडिओ यांतला फरक

इतिहासाचा तास पडद्यावर झाला तर गैरसोय होते, पण विषय पोहोचतो. चित्रकलेचा वर्ग हा मुळात 'वर्ग' नसतोच, तो स्टुडिओ असतो. मधोमध एक तांब्याची घागर, मागे पडदा, शेजारी दोन कांदे मांडलेले. भोवती डाँकीवर आणि ईझलपाशी वीस-पंचवीस मुले. सर व्याख्यान देत नाहीत. ते मुलांच्या पाठीमागून फिरतात, एखाद्यापाशी थांबतात, काही न बोलता दोन मिनिटे बघतात. मग 'दे बघू' म्हणून हातातली पेन्सिल घेतात आणि कागदाच्या कोपऱ्यात दोन रेषा ओढून दाखवतात. यालाच मुले 'करेक्शन' म्हणतात. ते शेजारचा मुलगाही बघतो आणि गुपचूप आपली घागर सरळ करतो.

डोनल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात डिझाइनच्या स्टुडिओचे बारकाईने वर्णन केले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: स्टुडिओत विद्यार्थ्याला अशी गोष्ट करायला सांगतात, जी त्याला अजून समजलेलीच नसते. ती केल्याशिवाय समजत नाही आणि समजल्याशिवाय करता येत नाही. सुरुवातीचे काही महिने मूल पूर्ण गोंधळलेले असते. तेवढा काळ त्याला धीर देते ती एकच गोष्ट, शिक्षकावरचा विश्वास. शिक्षक करून दाखवतो, विद्यार्थी करून बघतो, शिक्षक त्यावर पुन्हा करून दाखवतो. या देवाणघेवाणीतून हळूहळू उलगडा होतो.

म्हणजे कला शिकताना गोंधळणे, खट्टू होणे, चिडणे हे आजाराचे लक्षण नाही. तो शिक्षणाचाच भाग आहे. प्रश्न एवढाच की, त्या गोंधळात मुलाला सावरायला आसपास कोण असते? स्टुडिओत सगळे असतात. घरी, पडद्यापुढे, बहुतेक वेळा कुणीच नसते.

मनाचे दोन प्रश्न

शिकताना मनात भावना का उमटतात, याचा अभ्यास राइनहार्ड पेक्रुन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे केला. २००६ साली त्याने जी उपपत्ती मांडली ती मला रुग्णांना समजावताना फार उपयोगी पडते. शिकणारे मन नकळत दोन प्रश्न विचारत असते. पहिला, 'हे मला जमण्यासारखे, माझ्या हातातले आहे का?' दुसरा, 'हे माझ्या दृष्टीने मोलाचे आहे का?'

दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर कामात आनंद वाटतो. मोलाचे तर आहे, पण जमेल की नाही याची खात्री नाही, अशा वेळी चिंता वाटते. मोलाचे आहे आणि आपल्या हातात काहीच उरलेले नाही असे वाटले, की हताशा येते. आणि जे करतो आहोत त्याचे मोलच वाटेनासे झाले, तर कंटाळा येतो.

आता कलेच्या विद्यार्थ्याकडे बघा. कॉमर्स घेतलेल्या मुलाने बहुधा 'सगळे घेतात म्हणून' घेतलेले असते. चित्रकला घेणारा मुलगा घरच्यांशी भांडून, 'यात पोट भरणार काय?' हा प्रश्न दहा नातेवाइकांकडून ऐकून आलेला असतो. त्याच्या लेखी या शिक्षणाचे मोल अफाट असते. त्यामुळे 'जमेल का?' हा धागा जरा जरी सैल झाला, तरी त्याची चिंता इतरांपेक्षा मोठी होते. आणि पडद्यावरच्या शिक्षणात नेमका हाच धागा सैल होतो.

टाळेबंदीने दिलेला धडा

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे राज्यातली महाविद्यालये बंद झाली. मध्ये काही दिवस उघडझाप झाली, पण ती नीट सुरू व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. या काळात ज्यांचे पहिले वर्ष होते, त्या मुलांनी मूलभूत अभ्यासक्रम जवळजवळ संपूर्ण घरी केला. मातीकाम, मॉडेल समोर बसवून केलेले रेखाटन, रंगांचे मिश्रण, सारे पडद्यावर. त्यातच जुलै २०२१ मध्ये आपल्याकडे महापूर आला. कित्येक गावांची वीज गेली, नेटवर्क गेले, काहींचे कागद आणि रंगही वाहून गेले.

त्या दिवसांत साखर कारखान्यातले एक कामगार आपल्या मुलाला घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून मी इथे तपशील बदलले आहेत.) म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं दिवसभर कागद फाडतंय. खायला हाक मारली तर येत न्हाई. मोबाईलनं डोकं फिरलंय काय बघा त्याचं."

मुलगा शिल्पकलेकडे जाऊ पाहणारा. वडिलांना बाहेर बसवून मी त्याच्याशी बोललो, तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. घर दोन खोल्यांचे. मातीकाम करायला जागा नाही म्हणून तो गोठ्यात बसायचा. तिथे रेंज नव्हती. तास ऐकायला घरात यायचे, माती मळायला गोठ्यात जायचे, तोवर सर पुढे गेलेले असायचे. कामाचा फोटो पाठवला की दोन दिवसांनी एक अंगठा यायचा. तो अंगठा चांगल्याचा की नुसता 'पोहोचले' असे सांगणारा, हे त्याला कळत नव्हते. तो म्हणाला, "सर, मला वाईट म्हणाले असते तरी चाललं असतं."

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. चूक सांगणारा माणूस आपल्याकडे लक्ष देत असतो. कुणी काहीच सांगत नाही, तेव्हा मन स्वतःच निकाल लावते, आणि खचलेले मन स्वतःविरुद्धच निकाल लावते. या मुलाला नैराश्य आले होते. काही महिने औषधे आणि समुपदेशन लागले. कॉलेज प्रत्यक्ष सुरू झाल्यावर त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली, हेही नमूद केले पाहिजे.

पडद्यावर नेमके काय हरवते?

पहिली हरवते ती दुसऱ्यांची खाडाखोड. स्टुडिओत आपल्याला चाळीस जणांच्या चुका दिसतात. वर्गातली हुशार मुलगीसुद्धा तीन वेळा खोडते, चिडते, नवा कागद लावते, हे रोज डोळ्यांपुढे घडते. त्यातून न बोलता दिलासा मिळतो की, चुकणे हे सगळ्यांचेच आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर मात्र येते ते फक्त पूर्ण झालेले, निवडून काढलेले, नीट फोटो काढलेले काम. आपली खाडाखोड आणि इतरांचे तयार चित्र यांची तुलना सुरू होते. या तुलनेत कुणीही हरेल.

दुसरी गोष्ट, खरे चित्र. कागदावरचा कोळशाचा गडदपणा, रंगाचा पोत, शिल्पाची जाडी फोटोत उतरत नाही. प्रत्येक मोबाईल रंग वेगळे दाखवतो. सीमाभागाकडची एक मुलगी माझ्याकडे डोकेदुखी आणि निद्रानाशासाठी येत होती. डोळे तपासून झाले होते, नंबर नव्हता. तिची प्रवेश परीक्षेची शिकवणी पडद्यावर चाले. शिक्षक म्हणत, 'शेडिंग फिके आहे, अजून गडद कर.' ती करी. पुढच्या वेळी म्हणत, 'आता फार काळे झाले.' असे आठ-दहा वेळा झाल्यावर आपल्या नजरेतच दोष आहे, आपण या क्षेत्राच्या लायकीच्या नाही, असे तिने ठरवून टाकले. मी तिला पुढच्या खेपेस चित्र आणि मोबाईल दोन्ही आणायला सांगितले. शेजारी ठेवून पाहिले तर माझ्यासारख्या चित्रकलेतल्या अडाण्यालाही फरक दिसला. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत अर्धे शेडिंग उडून गेले होते, आणि दुसऱ्या फोटोत तिचीच सावली कागदावर पडली होती! तिला सकाळी खिडकीपाशी फोटो काढायला सांगितले, शिक्षकांशी मोकळे बोलायला सांगितले, झोपेची वेळ ठरवून दिली. औषधाची फारशी गरज पडली नाही.

तिसरी गोष्ट, सोबत. बारा-बारा तास काम करताना मध्येच कुणीतरी चहाला हाक मारतो, कुणी विनोद करतो, सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे मिळून जागतात. ही करमणूक नाही. मनावरचा ताण निचरून जाण्याची ती वाट असते.

कोणत्या भावना दिसतात?

*भीती आणि लाज.* पडद्यावर एखाद्याचे चित्र लावून चर्चा सुरू झाली की, ते एकच चित्र सगळ्यांपुढे मोठे होऊन येते. स्टुडिओत सर पाठीशी उभे राहून हळू आवाजात सांगत, तेच आता चाळीस जण ऐकतात, आणि घरातली माणसेही ऐकतात. मुलाला वाटते, आपली लाज गेली. मग तो कॅमेरा बंद ठेवतो, काम उशिरा पाठवतो, 'नेट नव्हते' म्हणतो. पालकांना हा आळस वाटतो. खरे तर ती भीती असते.

*कंटाळा.* दोन तास नुसते बघत बसायचे आणि हात रिकामे. चित्रकलेच्या मुलाला यासारखी शिक्षा नाही. तो दुसरी खिडकी उघडतो, खेळ खेळतो, आणि नंतर वेळ फुकट गेला म्हणून स्वतःला दोष देतो.

*एकटेपणा.* घर माणसांनी भरलेले असले तरी 'ही निळी जास्त थंड वाटते का?' हा प्रश्न ज्याला विचारावा असे घरात कुणी नसते.

*हताशा.* ही सर्वांत गंभीर. 'काही केले तरी फरक पडत नाही' असे मूल म्हणू लागले, की सावध व्हावे. चिंता वाटणारे मूल अजून धडपडत असते, हताश झालेल्याने धडपड सोडलेली असते. अशा मुलाला 'जरा मन लावून कर' असे सांगून उपयोग होत नाही.

शरीरही बोलते

पडद्यावरच्या भेटींनी इतका थकवा का येतो, याची चार कारणे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली. एक, अनेक चेहरे अगदी जवळून सतत आपल्याकडे बघत असल्यासारखे वाटतात. दोन, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसत राहतो, म्हणजे दिवसभर कुणीतरी आरसा धरून मागे फिरावे तसे. तीन, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचे म्हणून हालचाल बंद होते. चार, मान डोलावणे, नजरेने विचारणे या सहज खुणा पडद्यावर नीट पोहोचत नाहीत, त्या समजून घ्यायला मेंदूला जादा कष्ट पडतात.

यात तिसरे कारण कलेच्या विद्यार्थ्याला विशेष जाचते. चित्र काढणारा माणूस चार पावले मागे जातो, डोळे बारीक करून बघतो, पुन्हा पुढे येतो. ती त्याची कामाची रीतच असते. त्याला खुर्चीत खिळवले की मान आखडते, खांदे भरून येतात.

डोळ्यांचेही तसेच. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. रात्री उशिरापर्यंत पडद्यावर काम केले की झोप लांबते, आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी साधी चूकही डोंगराएवढी वाटते. असे हे चक्र आहे.

सगळेच वाईट नाही

एक बाजू सांगून थांबणे योग्य होणार नाही. काही मुलांना पडद्याचा फायदाही झालेला मी पाहिला आहे. बोलताना अडखळणारा एक मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे, तो लिहून प्रश्न विचारू लागला. सरांनी ब्रश कसा फिरवला, हे ध्वनिचित्रफीत मागे नेऊन दहा वेळा पाहता येते. ज्यांना शहरात खोली घेऊन राहणे परवडत नाही, अशा घरांतील मुलींना हे शिक्षण दारात आले. एका मुलीने तर मॉडेल नाही म्हणून रडत न बसता, परसात बसून शेंगा सोलणाऱ्या आपल्या आजीचे हात महिनाभर रोज रेखाटले. ते कागद तिने मला दाखवले, तेव्हा आजीला भारी कौतुक वाटत होते! साधन कोणते यापेक्षा ते कसे वापरतो, मुलाच्या हातात किती गोष्टी ठेवतो, यावर बरेच अवलंबून असते.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

१) तासाला बसताना हातात पेन्सिल आणि कागद असू द्या. नुसते ऐकू नका, जमेल तसे काढत राहा.

२) चेहऱ्याऐवजी कॅमेरा आपल्या हाताकडे आणि कागदाकडे वळवता येईल का, हे शिक्षकांना विचारा. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती वापरा.

३) चित्राचा फोटो दिवसा, खिडकीच्या उजेडात, मोबाईल कागदाला समांतर धरून काढा. व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे त्याचा दर्जा कमी होत नाही.

४) 'कसे झाले आहे?' असे विचारण्यापेक्षा नेमका प्रश्न विचारा. 'घागरीचा काठ बसला आहे का? मागचा पडदा पुढे येतो आहे का?' नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते आणि मन अधांतरी राहत नाही.

५) दोघा-तिघा मित्रांनी ठरावीक वेळी फोन चालू ठेवून, न बोलता आपापले काम करावे. मधूनमधून बिघडलेले कागदही एकमेकांना दाखवावेत. स्टुडिओची थोडी ऊब यातून परत मिळते.

६) दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद, २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे पाहा. तासाभराने उठून फिरा. झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद ठेवा.

७) कागद फाडू नका. तारीख घालून ठेवा. दोन महिन्यांनी तेच कागद समोर मांडले, की आपण किती पुढे आलो ते स्वतःलाच दिसते. निराश मनाला याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

शिक्षकांना विनंती

शिक्षकांचेही हाल मी ऐकून आहे. काळ्या चौकटींपुढे तासभर बोलायचे आणि समोरून हुंकारही नाही, हे सोपे नाही. तरीही काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. चाळीस जणांपुढे एकाचे चित्र चिरफाडीला घेण्यापेक्षा चार-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येक चित्राबद्दल तीन गोष्टी सांगाव्यात: काय साधले आहे, कुठे अडले आहे, पुढचे पाऊल कोणते. अंगठ्याच्या खुणेपेक्षा अर्ध्या मिनिटाचा बोललेला निरोप मुलाला जास्त धीर देतो. कधीतरी स्वतःचे फसलेले रेखाटनही दाखवावे. आणि जो मुलगा अचानक काम पाठवणे थांबवतो, त्याला नोटीस जाण्याआधी एक फोन जावा.

पालकांना चार शब्द

मूल मोबाईलपुढे बसले आहे, म्हणजे ते वेळ घालवते आहे असे धरून चालू नका. शक्य असेल तर घराचा एखादा कोपरा, निदान एक भिंत, त्याला द्या. अर्धवट चित्र 'पसारा' म्हणून गुंडाळून ठेवू नका. ओले चित्र हलवले तर आठ दिवसांची मेहनत जाते. 'मार्क किती?' याऐवजी 'दाखव बघू, काय काढलंस?' असे विचारा. चित्रातले कळत नाही म्हणून गप्प राहू नका. न कळणाऱ्या माणसाने आस्थेने पाहिलेलेही मुलाला पुरते. आणि मूल खचलेले असताना 'तरी सांगत होतो, बी.कॉम. कर' हे वाक्य कृपा करून टाळा. त्या वाक्याने त्याच्या मनातल्या भीतीवर घरच्यांचा शिक्का बसतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चित्र बिघडले म्हणून दोन दिवस उदास राहणे स्वाभाविक आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक, दिवसाचा बराचसा वेळ टिकून राहिली. ज्यात जीव रमायचा त्यातही गोडी वाटेनाशी झाली. झोप आणि भूक बिघडली. मित्रांचे फोन घेणे बंद झाले. 'माझ्यात काही अर्थ नाही' अशी भाषा वारंवार येऊ लागली, तर थांबू नका. नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे आता तरी आपण मान्य करायला हवे.

मुलाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का, अशी शंका आली तर त्याला शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. अशा मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे चोवीस तास आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावा.

चित्रकार होणे हे धीराचे काम आहे, आणि धीर एकट्याने धरता येत नाही. आपल्या घरात किंवा शेजारी असे एखादे मूल पडद्यापुढे बसून शिकत असेल, तर आज संध्याकाळी पाच मिनिटे त्याच्याजवळ बसा आणि त्याचे चित्र पाहा.